मदत हवी आहे: अमेरिकन वसाहतवाले ब्रिटनविरुद्ध बंदुकीपर्यंत नक्की कधी पोचले?

मंडळी, भाचीच्या कॉलेजात प्रेझेंटेशन आहे आणि घरात इतिहासवाला मीच, त्यामुळे अडकलोय. १७६५ चा स्टँप ॲक्ट (वसाहतींतल्या कागदपत्रांवर ब्रिटिश संसदेने लावलेला कर), ‘आमचा प्रतिनिधी नाही तर कर नाही’ इथपर्यंत ठीक आहे, पण पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला ना, मग राग विझला का नाही? १७७० मध्ये बॉस्टनला ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडून ५ माणसं मारली, तरी त्याच सैनिकांचं वकीलपत्र वसाहतवाल्यांच्याच बाजूच्या जॉन ॲडम्सने घेतलं आणि बहुतेक सुटले पण, म्हणजे तोवर कोर्टावर भरवसा होता असंच म्हणायचं ना.

चहाचं तर डोकंच चालत नाही. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा (हो, आपलीच ती) चहा उलट स्वस्त होणार होता, तरी बॉस्टनला लोकांनी ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या! मग ब्रिटिशांनी शिक्षा म्हणून बॉस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सचा (बॉस्टन ज्या वसाहतीत आहे ती) कारभार आवळला.

मला वाटतं खरं वळण सप्टेंबर १७७४, ब्रिटिश सेनापती जनरल गेजने बॉस्टनजवळच्या कोठारातली बंदुकीची दारू गुपचूप उचलली आणि अफवेवर हजारो लोक हत्यारं घेऊन निघाले. एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन-काँकर्डला (बॉस्टनजवळची गावं) ब्रिटिश सैन्य गेलं ते पण दारूगोळ्यासाठीच, आणि तिथेच लढाई पेटली.

पण मग लढाई पेटल्यावरही जुलै १७७५ मध्ये वसाहतवाल्यांनी ब्रिटनच्या राजाला समेटाचा विनंतीअर्ज कशाला केला? भाचीने नेमकं हेच विचारलं आणि मी चहा करायला उठलो. कोणी नीट समजावेल का? शुक्रवारी सादर करायचंय तिला.