मदत हवी आहे: पांढऱ्या, खरखरीत पृष्ठभागावर प्रकाशाचा दाब किती धरायचा?

नमस्कार मंडळी, एका गणितात अडकलोय.

पृथ्वीजवळ सूर्यप्रकाशाची तीव्रता दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॉट. तिला प्रकाशाच्या वेगाने भागलं की सगळा प्रकाश शोषणाऱ्या काळ्या पत्र्यावर सुमारे ४.५ मायक्रोपास्कल दाब येतो. आरसा असेल तर प्रकाश उलटा फिरतो, संवेगातला बदल दुप्पट, म्हणून ९.१. इथवर ठीक आहे.

पण पृष्ठभाग चुन्यासारखा पांढरा असेल तर? तो काहीच शोषत नाही, पण प्रकाश सरळ मागे न पाठवता चहूकडे विखुरतो. परत जाणाऱ्या किरणांचा फक्त लंब दिशेचा घटक मोजायचा, एवढं कळतं. सगळ्या दिशांना सारखाच प्रकाश जातो असं धरून सरासरी काढली तर कोज्याचं (किरणाने लंबाशी केलेल्या कोनाच्या cosine चं) मूल्य १/२ येतं, म्हणजे काळ्या पत्र्याच्या दीडपट दाब, ६.८. मित्र म्हणतो लॅम्बर्टचा नियम लाव, म्हणजे दिशा लंबापासून जितकी तिरपी तितका तिकडे जाणारा प्रकाश कोज्याच्या प्रमाणात कमी. मग सरासरी २/३ येते आणि दाब ७.६.

मला मित्राचं पटतंय (त्याला सांगू नका), पण कारण नीट उमगत नाही. तिरप्या दिशांना कमी प्रकाश का जातो? की हे पृष्ठभागागणिक बदलतं?

आणि जोडीला एक: प्रकाश तिरपा पडला तर आरशावर कोज्याचा वर्ग येतो. विखुरणाऱ्या पृष्ठभागावर मात्र पृष्ठभागाला समांतर बलही उरेल ना? ते कसं मांडायचं?

क्रुक्सच्या चक्राचं (काचेच्या गोळ्यात उजेडात फिरणारी काळी-पांढरी पाती) उदाहरण कृपया नको, ते गोळ्यात उरलेल्या हवेमुळे फिरतं आणि तेही प्रकाशाच्या दाबाच्या उलट्या दिशेने.