मदत हवी आहे: लॅब्राडूडल घ्यावा की नको? रविवारपर्यंत ठरवायचंय

ओवी_के
लॅब्राडूडलचं (लॅब्राडॉर आणि पूडलचा क्रॉस) पिल्लू बघून आलोय. ब्रीडर म्हणतो केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, वास येत नाही आणि क्रॉस असल्यामुळे आजारही कमी. रविवारी टोकन दिलं नाही तर पिल्लू दुसरीकडे जाईल. फायदे-तोटे थेट सांगा. ‘कुत्रा पाळूच नका’ हा सल्ला नको, ते घरात ठरलंय.

मुळशीकर
कुठली पिढी? लॅब आणि पूडलची थेट पिल्लं म्हणजे एफ१. एफ१ला परत पूडल लावला की एफ१बी. एफ१ गुणिले एफ१ म्हणजे एफ२. तिघांचे केस वेगवेगळे. पूडल स्टँडर्ड (मोठा) होता की टॉय (अगदी छोटा)? वय किती? आणि ॲलर्जीचा मुद्दा आलाय तो नुसता ब्रीडर बोलला म्हणून, की घरात कोणाला आहे?

कडीपत्ता
देशी घ्या. आपल्या हवेला सरावलेला, केस आखूड, पार्लरचा खर्च शून्य. संस्थांकडे लसीकरण झालेली पिल्लं दत्तक मिळतात.

मुळशीकर
देशी उत्तम, पण केस त्याचेही गळतात. प्रश्न केसांचा आणि ॲलर्जीचा आहे.

ओवी_के
एफ१बी म्हणाला. ४५ दिवसांचं आहे. पुण्यात फ्लॅट, चौथा मजला. आईबाप दाखवले नाहीत, ‘फार्मवर आहेत’ म्हणाला. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागद देणार आहे.

दवबिंदू
इथेच दोन गोष्टी खटकतात.

एक, २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते. तो नोंदणी क्रमांक मागा.

दोन, केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची नोंद करतो, क्रॉसची नाही. लॅब आणि पूडलचे स्वतंत्र कागद असू शकतात, पण लॅब्राडूडलच्या पिल्लाचे केसीआय कागद नसतात. ते ‘देतो’ म्हणत असेल तर त्याच्या बाकीच्या शब्दावरही विसंबू नका.

चष्मिष
पण हायब्रिड व्हिगर तर असतो ना? मिश्र पिढी निरोगीच असते.

दवबिंदू
दोन्हीकडे तोच दोष असेल तर मिश्रणाने तो जात नाही. खुब्याचा डिस्प्लेझिया (सांधा नीट न बसणं) लॅबमध्येही आहे आणि स्टँडर्ड पूडलमध्येही. डोळ्यांचा पडदा झिजत जाणारा पीआरए-पीआरसीडी दोन्हीत आढळतो. आईबाप दोघे वाहक (स्वतः निरोगी, पण दोषाचं जनुक बाळगणारे) असले तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२४ च्या अभ्यासात कॉकापू, कॅव्हापू (हेही पूडलचेच क्रॉस) आणि लॅब्राडूडलची मूळ जातींशी तुलना केली. सुमारे ८७ टक्के तुलनांमध्ये आजाराच्या शक्यतेत फरकच आढळला नाही. जास्त आजारी नाहीत, जास्त निरोगीही नाहीत.

म्हणून मागायचं ते हे: आईबापांचे दोन वर्षांच्या वयानंतर काढलेले खुब्याचे एक्स-रे, दोघांची पीआरए-पीआरसीडी डीएनए चाचणी, आणि लॅबची ईआयसी (व्यायामाने कोसळण्याच्या आजाराची) चाचणी.

यारानदी
मेलबर्नहून लिहितेय. ही जात इथलीच. १९८९ मध्ये वॉली कॉनरन यांनी गाइड डॉग संस्थेसाठी हा मेळ घातला, कारण हवाईतल्या एका अंध बाईंच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. तीन पिल्लांची लाळ आणि केस तपासायला पाठवले, त्यांतलं एकच चाललं. बाकी दोघं त्याच आईबापांची होती. पुढे झालेल्या बेफाम पैदाशीबद्दल कॉनरन यांनीच जाहीर खंत व्यक्त केली.

मुळशीकर
म्हणूनच विचारतोय, ॲलर्जी कोणाला आहे?

कोथिंबीर_वडी
पिल्लाला दूध-पोळी देऊ नका. पपी फूड दिवसातून चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीनदा. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं कधीच नाहीत.

ओवी_के
मुलाला. वय ९. पावसाळ्यात धाप लागते, पंप चालू आहे. पण हे हायपोॲलर्जेनिक (ॲलर्जी न देणारं) आहे ना?

दवबिंदू
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, ओवी. पंपावर असलेल्या मुलासाठी ब्रीडरचा शब्द पुरेसा नाही.

ॲलर्जी केसांची नसते. कॅन एफ १ नावाचं प्रथिन लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतं, ते केस न गळणाऱ्या कुत्र्यातही तयार होतं. २०१२ च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात ‘हायपोॲलर्जेनिक’ जातींच्या केसांमध्ये ते इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच सापडलं.

आधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा. रक्तातून स्पेसिफिक आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) करा आणि कॅन एफ १, कॅन एफ २, कॅन एफ ५ ही कुत्र्याची प्रथिनं वेगवेगळी तपासायला सांगा. कॅन एफ ५ नराच्या प्रोस्टेटमधून येतं. फक्त तेच पॉझिटिव्ह असेल तर मादी कदाचित चालू शकते. कॅन एफ १ पॉझिटिव्ह असेल तर जात बदलून सुटका नाही. पिल्लाजवळ थोडा वेळ बसवून ‘काही झालं नाही’ असं ठरवू नका, लक्षणं काही आठवड्यांनीही सुरू होतात.

चष्मिष
एफ१बी म्हणजे निदान केस तरी गळणार नाहीत?

मुळशीकर
कमी गळतील, शून्य नाही. दाढी-मिशा देणारं जनुक एफ१बीला पूडलकडून नक्की येतं, पण केस गळणं एमसी५आर या वेगळ्या जनुकावरही ठरतं. एफ२मध्ये तर चारातलं एक या प्रमाणात पिल्लं सपाट केसांची, लॅबसारखी गळणारी निघू शकतात.

आणि जे गळत नाहीत ते तिथेच अडकून जटा होतात. आठ ते चौदा महिन्यांत पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात, तेव्हा सगळ्यात जास्त. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली. एक दिवसाआड स्लिकर (बारीक तारांच्या) ब्रशने केस थराथराने उलगडत मुळापासून विंचरायचे, नंतर लोखंडी कंगवा कातडीपर्यंत फिरवायचा. वरून ब्रश मारलात तर वर मऊ, खाली गोळा. अंघोळ नेहमी विंचरल्यावर, कारण भिजलेली जटा आणखी घट्ट होते. सहा ते आठ आठवड्यांनी कात्री. पुण्याच्या उन्हाळ्यात मशीनचं ४एफ ब्लेड, केस साधारण साडेनऊ मिलिमीटर ठेवणारं. १० नंबर (त्याहून आखूड कापणारं) फक्त जटा अगदीच कातडीला लागली असेल तर. पावसाळ्यात गोचीड या केसांत दिसत नाही, बोटांनी चाचपावी लागते.

कडीपत्ता
कानातले केसही दर महिन्याला उपटून काढायचे.

दवबिंदू
नाही. निरोगी कानातले उपटले की सूज येते आणि तिथेच जंतू वाढतात. कान सतत ओला राहत असेल, वास किंवा काळा मळ असेल, तरच डॉक्टरांकडून. अंघोळीनंतर कान कोरडे करणं मात्र दर वेळी.

यारानदी
ओवी, सोसायटीची परवानगी घेतलीत?

चष्मिष
त्याची गरज नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटी पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. मात्र महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस लागते.

ओवी_के
टोकन देत नाही. ब्रीडरकडे नोंदणी क्रमांक मागितला, तो म्हणतोय फोनवर नाही सांगता येत. मुलाची रक्ततपासणी सोमवारी. कॅन एफ ५ वेगळं करायला प्रयोगशाळेला काय नावाने सांगायचं?

दवबिंदू
‘ॲलर्जेन कंपोनंट टेस्ट, डॉग’. सगळीकडे होत नाही, आधी फोन करून विचारा. ॲलर्जीच्या गोळ्या चालू असल्या तरी रक्ततपासणीला अडथळा येत नाही, त्या बंद करू नका. पंप तर मुळीच नाही.