दोर्दोन्यचे किल्ले: राजवाडे नकोत, लढलेले गड हवेत

प्रश्न (वाटसरू_७):
सप्टेंबरअखेर फ्रान्सला जाणार आहोत. पॅरिसनंतर चार दिवस किल्ल्यांसाठी ठेवलेत. ल्वार खोऱ्याची माहिती भरपूर मिळते, पण तिथे सजवलेले राजवाडेच जास्त दिसतात. तटबंदी, बुरूज, पडझड झालेले अवशेष बघायचे तर दोर्दोन्य नदीचं खोरं बरं, असं कळलं. सोबत आईवडील आहेत, आईचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी. गाडी भाड्याने घ्यावीच लागेल का? कुठला किल्ला कधी बघावा?

उत्तर १ (बालेकिल्ला):
दोर्दोन्यच निवडा. मुक्काम सार्ला गावात किंवा जवळपास करा. पॅरिस ते बोर्दो वेगवान गाडीने दोन तासांच्या आसपास, पुढे बर्जराकमार्गे सार्लाची लोकल गाडी अडीच-पावणेतीन तास घेते. सार्लाचं स्टेशन जुन्या गावापासून दीडेक किलोमीटरवर आहे, बॅगा असतील तर टॅक्सी आधी सांगून ठेवा. किल्ल्यांकडे जाणाऱ्या बस इतक्या कमी की त्यांच्यावर दिवस आखता येत नाही, म्हणून गाडी घ्याच. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी आरक्षण करा, तिकडे गिअरवाल्याच जास्त मिळतात. आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा. गावांमध्ये पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला असतो. गल्लीतून अचानक गाडी पुढ्यात येते ती यामुळेच.

किल्ल्यांची मुख्य जोडी कास्तेलनो आणि बेनाक. इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवार्षिक युद्धात कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूने आणि बेनाक फ्रेंचांच्या बाजूने, मधे नदी. दोन्ही एकमेकांच्या नजरेत आहेत, त्यामुळे एकाच दिवशी बघावेत. सकाळी कास्तेलनो, दुपार टळल्यावर बेनाक. बेनाक कास्तेलनोच्या उत्तरेकडे आहे. पानगळीच्या दिवसांत सकाळी नदीवर धुकं साचतं, ते विरेपर्यंत खालचं काही दिसत नाही. तसं असेल तर आधी किल्ल्याची आतली बाजू पाहून घ्या.

उत्तर २ (जंग्या_आणि_झरोके):
कास्तेलनोत घाई करू नका. 1214 मध्ये धर्मयुद्धाचा सेनानी सिमों द मोंफोर याने तो घेतला, 1442 मध्ये फ्रेंच राजाच्या सैन्याने वेढा घालून इंग्रजांकडून सोडवला, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर गावकऱ्यांनी त्याचे दगड काढून नेले. आज दिसतो तो बराचसा विसाव्या शतकात पुन्हा उभा केलेला आहे. जुनं आणि नवं बांधकाम सांध्यावर नीट पाहिलं की ओळखू येतं.

बघण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे बाणांच्या काळातून तोफांच्या काळात गेलेला तट. वर बाणांसाठीच्या उभ्या अरुंद जंग्या (तटातल्या फटी), आणि नंतर बांधलेल्या जाड गोल बुरुजात खाली तोफांसाठी रुंद झरोके. ही दोन्ही शेजारीशेजारी पाहिली की तोफेने वास्तुरचना कशी बदलली ते तिथेच कळतं.

अंगणात मध्ययुगीन दगडफेकी यंत्रांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती आहेत. माणसांनी दोर ओढून चालवायच्या लहान यंत्रापासून हलत्या वजनपेटीच्या मोठ्या त्रेब्युशेपर्यंत. मोठं यंत्र सुमारे 100 किलोचा दगड 200 मीटरपर्यंत फेकायचं, पण तासाला एखाददुसराच. लांब दांड्याच्या टोकाशी लोखंडी आकडा आहे, तो जवळ जाऊन बघा. गोफणीचं एक टोक पक्कं बांधलेलं असतं, दुसऱ्याचा फास या आकड्यावरून निसटतो. आकडा सरळ ठेवला तर फास लवकर निसटून दगड उंच जातो, जास्त वाकवला तर उशिरा सुटून समोर खाली आपटतो. सगळा नेम त्या हातभर लोखंडात आहे. प्रात्यक्षिकं रोज नसतात. त्या दिवशीच्या वेळा तिकीट खिडकीवरच विचारा.

उत्तर ३ (चालत_राहा):
अवशेष हवेत तर कोमार्क चुकवू नका. सार्लापासून जवळ, बन नावाच्या उपनदीच्या खोऱ्यात. वाहनतळापासून जंगलातून दहा-पंधरा मिनिटं चालत जावं लागतं. कड्याच्या पोटात कोरलेल्या राहत्या गुहा, त्यावर वस्ती, आणि सर्वांत वर बुरूज. काही घरांची छपरं गेली असली तरी भिंतींतल्या चुली आणि खिडक्या जागेवर आहेत. पाऊस पडून गेला असेल तर चुनखडीच्या पायऱ्या फार निसरड्या होतात. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. हिवाळ्यात हे बंद असतं, सप्टेंबरअखेर चालू मिळेल.

आईंसाठी कोमार्क आणि कास्तेलनो अवघड आहेत. कास्तेलनोत अरुंद गोल जिने आहेत. बेनाकला गावातून चढू नका, तो चढ फार खडा आहे. वर किल्ल्याजवळ वाहनतळ आहे. आतल्या पायऱ्या मात्र झिजलेल्या आणि उंचसखल आहेत. त्यापेक्षा त्यांना मार्केसाकच्या बागेत न्या. वाटा सोप्या, आणि टोकाच्या कड्यावरून नदी जवळजवळ 130 मीटर खाली दिसते. बेनाक, कास्तेलनो, नदीकाठचं ला रोक-गाजाक गाव सगळं एका नजरेत येतं. कास्तेलनोसह जोडतिकीट मिळतं. दुसरा पर्याय ला रोक-गाजाकहून निघणारी गाबार होडी, साधारण तासाभराची. चढउतार काहीच नाही.

दोम गावच्या वेशीवरच्या बुरुजांत 1307 नंतर टेम्पल पंथाचे (नाइट्स टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या संघाचे) सरदार कैदेत होते. त्यांनी भिंतीवर कोरलेल्या खुणा बघायच्या तर पर्यटन कार्यालयातून मार्गदर्शकासह फेरी आधी नोंदवावी लागते. नुसतं दारापाशी जाऊन काही दिसत नाही.

उत्तर ४ (ल्वारकर):
थोडा वेगळा सूर लावतो. गाडी चालवायची तयारी नसेल तर ल्वार खोरं सरसकट बाद करू नका. लोश गावचा चौकोनी बालेकिल्ला 36 मीटर उंच आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. आत मजले नाहीत, नुसत्या भिंती आणि आभाळ. तूर शहराहून साधारण तासाभरात पोचता येतं. लांजेचा किल्ला त्याहून जवळ, त्याच्या बागेत दहाव्या शतकाअखेरच्या बुरुजाची उभी भिंत आहे. बरोबर गाडी असेल तर मात्र वरची मंडळी म्हणतात तेच योग्य, दोर्दोन्यला तोड नाही.

उत्तर ५ (ताटवाटी):
जेवणाचं राहिलं. हा बदकांचा मुलूख आहे आणि शाकाहाऱ्यांची फसगत बटाट्यात होते. सार्लाचे प्रसिद्ध बटाटे बदकाच्या चरबीत परततात, अळंब्यांचं ऑम्लेटही बऱ्याचदा त्यातच. मागवतानाच "सां व्यांद, सां ग्रेस द कानार" म्हणा, म्हणजे मांस नको, बदकाची चरबी नको. बकरीच्या दुधाचं रोकामादूर चीज पावावर गरम करून मिळतं, पण त्यात प्राण्यांचं रेनेट (वासरा-करडाच्या पोटातून काढलेलं, दूध साकळवणारं द्रव्य) असू शकतं. कडक शाकाहारी असाल तर तेही नको. बुधवारी आणि शनिवारी सकाळी सार्लाचा बाजार भरतो. तिथे अक्रोड, फळं, भाज्या, पाव घ्या आणि स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्या. गावातली उपाहारगृहं दुपारी साधारण बारा ते दोन एवढीच जेवण देतात. किल्ला बघून अडीचला उतरलात तर गरम काही मिळायची शक्यता कमीच, म्हणून डबा गाडीत असू द्या.