एफ-१५० ला ३५ इंची टायर लावून कॅम्पर ओढावा का?

डोंगरवेडा: मंडळी, डेन्व्हरला राहतो. फोर्ड एफ-१५० पिकअप, साडेतीन लिटरचं इकोबूस्ट टर्बो इंजिन, ३.५५ चा अ‍ॅक्सल (म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं गुणोत्तर). उन्हाळ्यात भरलेला ६,००० पौंडांचा कॅम्पर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडून आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्यापलीकडे जायचं असतं. सध्याचे टायर २७५/६५ आर १८, संपत आलेत. ३५ इंची ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) घ्यायचा मोह होतोय. मुलाला गाडी भारी दिसायला हवीय (मलाही, खोटं कशाला बोलू). दर चाक २५ पौंडांनी जड होईल. दुकानदार म्हणतो, काही फरक पडत नाही.

गिअरबॉक्स: दुकानदाराला टायर विकायचेत, कॅम्पर त्याला ओढायचा नाहीये.

वजनापेक्षा उंचीची काळजी करा. तुमचा टायर साधारण ३२ इंची आहे. ३५ लावलात की ३.५५ चा अ‍ॅक्सल ३.२५ असल्यासारखा वागणार, म्हणजे ओढायचा जोर कमी. चढावर दहा गिअरची पेटी खालचा गिअर घेऊन निभावेल, पण जागेवरून उठताना पहिल्याच्या खाली गिअर नाही. बोगद्यानंतर डिलनकडे उतरताना इंजिन ब्रेकिंगही तेवढंच कमी होतं, आणि तो उतार साधा नाही. ट्रकांचे ब्रेक गेले तर घुसायला तिथे वेगळे रॅम्प केलेत ते उगाच नाही.

आता वजन. एकसारख्या वेगात ते फारसं जाणवत नाही. वेग घेताना आणि थांबताना जाणवतं, कारण ते फिरवावंही लागतं. ट्रेडजवळचा एक पौंड जवळपास दोन पौंडांसारखा वागतो. त्यात मोठ्या टायरवर त्याच ब्रेकची पकड रस्त्यापर्यंत कमी पोचते.

सातारकर_टेक्सासात: माझा शेजारी ३५ वर बोट ओढतो. मस्त चालतंय त्याचं.

गिअरबॉक्स: टेक्सासात चढ कुठाय, भाऊ?

ताई_ट्रेलरवाली: @डोंगरवेडा, आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. समजा पेलोड (गाडीने माणसं-सामान धरून पेलायचं वजन) १,५०० पौंड आहे. हिचवर (ट्रेलर जोडायच्या कड्यावर) ट्रेलरच्या वजनाचे १२-१३ टक्के, म्हणजे ७५० पौंड. घरचे चौघं ६००. उरले १५०. त्यातले १०० नव्या चाकांनीच खाल्ले, मग हिचचं लोखंड, कूलर आणि सायकली कुठे ठेवणार?

जड टायर वाईटच असं मात्र नाही. लोड रेंज ई चा (जास्त भार पेलणारा) टायर जड असतो, पण त्याची बाजू कडक असल्याने मागून ट्रेलर डोलला तरी गाडी कमी हलते. मी असते तर आहे तोच साइज, १८ चीच रिम आणि ई रेंज घेतली असती. गाडी जरा दणकते, चालतं.

डोंगरवेडा: आणि ३५ च घ्यायचे ठरवलं तर?

गिअरबॉक्स: मग ४.१० चे गिअर टाकून घ्या, पुढचा आणि मागचा दोन्ही डिफरन्शियल, आणि कॉम्प्युटरमध्ये टायरचा साइज बदलून घ्या. नाहीतर स्पीडोमीटर ताशी ६० मैल दाखवेल आणि तुम्ही ६५ ने जात असाल. कॅम्परच्या टायरची वेगमर्यादाही बघा, बऱ्याच टायरची ६५ च असते.

डोंगरवेडा: स्टिकर बघून आलो. १,४८२. मुलाला मीच सांगतो. ताई, ई रेंजमध्ये हवा किती ठेवता?

ताई_ट्रेलरवाली: टायर कंपनीचा लोड टेबल (किती वजनाला किती हवा त्याचा तक्ता) बघा, मागच्या अ‍ॅक्सलचं वजन काट्यावर करून. ट्रक स्टॉपवर काटा असतो. कॅम्पर जोडून, सगळे आत बसून जा.