राजकीय माहितीपटातल्या ‘मेलोड्रामा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (घाटंजी, जि. यवतमाळ): गावात शेतकरी आत्महत्यांवरचा माहितीपट दाखवला. ओसरीत बसलेली विधवा, मागं सारंगी, मग सावकाराचा वाडा. आमचे गुरुजी म्हणाले, "हे अतिनाट्य आहे." शेजारची बाई चिडली, "काहून? खोटं काय आहे त्यात?" नेमका शब्द कोणता?

उत्तर (वडसा): ‘अतिनाट्य’ म्हटलं की नाव ठेवणं झालं, नाव देणं नाही. ग्रीक ‘मेलोस’ म्हणजे गाणं. 18व्या शतकात फ्रान्समध्ये संगीताच्या साथीनं होणाऱ्या नाटकांना हे नाव पडलं. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, माणसाला ही रीत नवी नाही जी. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री नाटकात पार उजाडेपर्यंत निर्दोष सून, कपटी दीर आणि ऐन वेळेला गाणं. मंडप रडतो, पण त्याच वेळी कोण चुकलं हे चारचौघांत ठरतं. माहितीपटवाला तेच करतो: ज्याची फिर्याद कोणी लिहून घेतली नाही त्याला सगळ्यांसमोर उभं करतो. ‘करुण’ म्हणूनही भागत नाही. करुणाला आरोपी लागत नाही, मेलोड्रामाला लागतो.

प्रतिसाद (दर्यापूर): भाऊ, खरी अडचण त्या आरोपीचीच आहे. सावकाराला चेहरा आहे, वाडा आहे. 1972 ला सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायची योजना, पुढं मोडीत निघाली, तिच्या जागी कोणाला उभं करणार? 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातला मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा. कोरडवाहू कापूसवाल्याच्या हाती काय आलं, हे सारंगीवर कसं सांगणार? म्हणून सावकार पडद्यावर येतो अन् धोरण सुटून जातं. राजकीय माहितीपटात हा दोष मला फार मोठा वाटतो.

प्रतिसाद (वर्धा): ‘भावनाट्य’ चालेल?

उत्तर (वडसा): नको. त्यात आरोपी येत नाही. ‘मेलोड्रामा’च लिहा, लोकांना कळतो.

प्रश्नकर्ता: मग मी असं वापरीन. "या माहितीपटाची मांडणी मेलोड्रामाची आहे", यात निंदा नाही. अतिनाट्य फक्त एका जागी म्हणीन. ती बाई शांतपणे बँकेचं किती, कृषी केंद्राचं किती, कापूस काय भावानं गेला, सगळं सांगत होती. तेवढ्यात सारंगी इतकी चढवली की आकडे ऐकूच आले नाहीत.