पोक्त, जाणता की धीराचा? बनगरवाडीच्या मास्तरसाठी शब्द हवाय

'बनगरवाडी'वर (व्यंकटेश माडगूळकर, १९५५) छोटा लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. राजाराम सौंदणीकर औंध संस्थानातल्या त्या धनगरांच्या वाडीवर मास्तर म्हणून येतो तेव्हा अगदी पोरसवदा असतो, आणि कादंबरी संपेपर्यंत वेगळाच माणूस झालेला असतो. ह्या बदलाला काय म्हणायचं? 'परिपक्वता' लिहिलं की समीक्षेच्या पुस्तकातलं वाटतं, 'प्रौढ' म्हटलं की डोळ्यापुढे चाळिशीचा गृहस्थ येतो. शिवाय त्यात हिंमत पण आली पाहिजे, नुसती समज नको.

प्रतिसाद
पोक्त घ्या की. फारसी 'पुख्ता'वरून आलाय, म्हणजे शिजलेला, पिकलेला. संस्कृत 'पक्व'सुद्धा शिजवण्यावरूनच आलेला, दोघांचं मूळ पार मागे जाऊन एकच आहे. आणि परिपक्वपेक्षा तोंडात बसणारा शब्द आहे.

प्रतिसाद
पोक्त नाही चालणार हो. पोक्त म्हटलं की वय आलंच. लग्नाची बोलणी करायला दोन पोक्त माणसं पाठवा म्हणतात, तिथे विशीतलं पोर कुणी पाठवत नाही. बनगरवाडीत पोक्त कोण, तर म्हातारा कारभारी. मास्तरला 'जाणता' म्हणा. समर्थांनी शिवरायांना जाणता राजा म्हटलं त्यात वयाचा काही संबंध नाही, परिस्थिती ओळखून वागणारा एवढाच अर्थ.

प्रतिसाद
जाणता चांगला आहे पण हिंमतीचं काय, ते मूळ प्रश्नात होतं. मला 'धीर' हाच शब्द दिसतोय, "धीराचा माणूस" म्हणतो ना तसा.

धाडस म्हणजे एका क्षणाची उडी. हिय्या करणं पण तसंच, एकदा मन घट्ट करायचं आणि काम उरकायचं. धीट हा 'धृष्ट'वरून आलाय, त्यामुळे "पोरगं धीट आहे" ह्या कौतुकात पण आगाऊपणाची जरा छटा राहतेच. मास्तर ह्यातलं काही करत नाही, त्याच्या वाट्याला मारामारी नाही की कुणाला पुरातून वाचवणं नाही. तो मेंढरांमागची पोरं शाळेत आणून बसवतो, लोकांची पत्रं लिहितो, बाजारगावातली कामं करून देतो, आणि असं करता करता वाडीचाच होऊन जातो. मग वाडीतल्या अंजी नावाच्या पोरीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येतं, म्हणजे ज्याच्या आधारावर हा वाडीत टिकला तोच फिरतो, तिथे एखादं पोर वळकटी उचलून घरी गेलं असतं, हा राहतो. वाडीत तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा, बांधायचं मनात घेतो, अख्ख्या वाडीला कामाला लावतो, खुद्द औंधच्या राजेसाहेबांना तिथे आणतो. हे धाडस नाहीये, रोज सकाळी उठून परत तिथेच उभं राहणं आहे, आणि मला तरी ते जास्त अवघड वाटतं.

आता शब्दाकडे. संस्कृतात 'धीर'चे दोन अर्थ आहेत, एक स्थिर, आणि दुसरा शहाणा, जो 'धी' म्हणजे बुद्धीवरून येतो. गीतेतला दुसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक बघा, "कौमारं यौवनं जरा" म्हणत वयाच्या अवस्था मोजतो आणि संपतो "धीरस्तत्र न मुह्यति" वर. तुम्हाला जे दोन्ही एकत्र हवंय ते ह्या एका शब्दात होतं. मराठीत शहाणपणाचा अर्थ मागे पडला हे खरं, पण धीर धर, धीर सुटला, धीर खचला ह्यात टिकून राहणं रोज बोलतोच आपण. आणि धीर दुसऱ्याला देता येतो. धाडस कुणी कुणाला देत नाही.

प्रतिसाद
वरच्याशी सहमत, फक्त हिय्याला इतकं हलकं करू नका. त्याच कादंबरीत शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला खांदा देते, तिला दुसरा कुठला शब्द लावणार?

अजून एक, अंजीबद्दल लिहिणार असाल तर जपून. खेड्यात मुलगी "शहाणी झाली" म्हणजे तिला न्हाण आलं. 'मोठी झाली'चा अर्थ पण तिथेच जातो. मुलगा मात्र "कर्ता झाला", "हाताशी आला". मुलीच्या अकलेला, हिंमतीला पिकायला वेगळा शब्दच ठेवला नाही आपण, ह्याचं मला फार वाईट वाटतं, आणि तुमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी तिथे मुद्दाम "समजदार झाली", "धीराची झाली" असं लिहावं असं मनापासून वाटतं.

मूळ प्रश्न विचारणारी
सगळ्यांचे आभार. "पोरसवदा मास्तर हळूहळू धीराचा होत जातो" असं वाक्य केलंय, एका शब्दाचा हट्ट सोडला. संपादकांनी 'धीरोदात्त' सुचवलंय पण तो संस्कृत नाटकातल्या नायकाचा शब्द, वाडीतल्या त्या मास्तरला नको. अंजीबद्दलचा परिच्छेद परत लिहायला घेतेय.