आधी झाकणं बघा

एकाने लिहिलंय, आजची कला कळत नाही म्हणून बघणंच सोडलं. माझंही तेच होतं, एल अनात्सुई या शिल्पकाराची कामं बघेपर्यंत. जन्म १९४४, घाना. काम बरीच वर्षं नायजेरियात. लांबून वाटतं, भिंतीवर सोनेरी शालू टाकलाय. फोटो मोठा केला की दिसतात दारूच्या बाटल्यांची चपटी केलेली झाकणं, तांब्याच्या तारेनं गुंफलेली! टांगायचं कसं, हे तो बरेचदा मांडणाऱ्यांवर सोडतो, म्हणून तेच काम दुसरीकडे वेगळ्या चुण्या घेऊन येतं. २०१५ला व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला, ते असो. आवडलाच तर त्याची आधीची लाकडातली कामं शोधा. तिथे त्याच्या हातात चक्क चेनसॉ आहे, म्हणजे यंत्रावर चालणारी करवत.